तेल लावलं म्हणूनच अडकतेय: कोकणच्या पावसात सेमी-ऑटोचं चेंबर

प्रश्न थोडक्यात असा. वेंगुर्ल्याकडच्या एका नेमबाजाकडे परवान्याची .२२ बोअरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल आहे. जाड बॅरल, मॅचच्या म्हणजे स्पर्धेच्या मापाकडे झुकणारं आवळ चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा). मेअखेरपर्यंत पन्नास मीटरवर तिचे ग्रुप छान येत होते, गोळ्या एकमेकींजवळ बसत होत्या. पाऊस लागला आणि तिसऱ्या-चौथ्या मॅगझिननंतर पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं रिकामं पितळ, चेंबरातच अडकायला लागली. कधी पुढचं काडतूस पाऊण आत जाऊन थांबतं. ते लिहितात, "दर वेळी चिंधी पांढरी येईपर्यंत बॅरल साफ करतो, सगळीकडे तेल लावून ठेवतो. आता आणखी काय करायचं राहिलं?"

करायचं राहिलेलं काही नाही, एक थांबवायचं आहे. चेंबरात तेल ठेवून फायर करणं थांबवा. तुमची रायफल मी पाहिलेली नाही, पण तेल आणि पावसाळा हे दोन शब्द एका प्रश्नात आले की मला बाकीचं अर्धं दिसतं. उरलेलं अर्धं तुमच्या पुंगळ्या सांगतील. त्या फेकून देत असाल तर आजपासून गोळा करा.

मी बावीस वर्षं फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं राखणारा-दुरुस्त करणारा होतो. एसएलआर या ७.६२ मिलिमीटर बोअरच्या फौजी रायफलवर हात बसला, पुढे इन्सास रायफल आली, मधली काही वर्षं ड्रॅगुनोव्हही हाताखालून गेली. आता देवगडजवळ खाडीच्या काठाला घर आहे. आजूबाजूच्या वाड्यांत शेती-संरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका बऱ्याच, माकडं आणि रानडुकरं त्याहून जास्त, त्यामुळे पावसाळा आला की कोणी ना कोणी अंगणात येतोच. मी दुरुस्तीला हात लावत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुसऱ्याचं हत्यार दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो, तो माझ्याकडे नाही. साफ कसं करायचं ते मात्र दाखवतो, आणि तेही ज्याची बंदूक त्याच्याच हातून.

आधी चेंबरात होतं काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. काडतूस पेटलं की आतला दाब .२२ मध्येसुद्धा हवेच्या दाबाच्या दीड हजार पटींच्या वर जातो, ७.६२ मध्ये साडेतीन हजार पटींच्या वर. पितळेची पुंगळी त्या दाबानं फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. गोळी नळीतून बाहेर गेली, दाब उतरला, की पितळ किंचित आकसतं आणि भिंत सोडतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. ज्या भिंतीला पितळानं धरायचं ती कोरडी आणि गुळगुळीत पाहिजे. तिच्यावर तेल असेल तर पुंगळी धरत नाही, मागे सरकते, आणि सगळा धक्का बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्यावर येतो.

तुमच्या .२२ मध्ये तर बोल्टला कुलूपच नसतं. मागे स्प्रिंग आणि बोल्टचं स्वतःचं वजन, एवढ्यावर तो दार लोटून धरतो. पुंगळी तेलानं निसरडी झाली की तो जरा लवकर उघडतो. आत दाब शिल्लक असताना उघडला की काळा वायू पुंगळीच्या बाजूनं मागे येतो आणि चेंबरात साचतो. .२२ च्या शिसाच्या गोळीवर मेणाचा नाहीतर ग्रीसचा थर असतोच. मेण, काजळी आणि भाजलेलं तेल एकत्र आलं की काय होतं ते कुठल्याही स्वयंपाकघरात तव्याच्या कडेला पाहा. तो काळा, कडक, चिकट राप चेंबरात बसतो. पहिली दोन मॅगझिन तेलावर सटासट चालतात, म्हणून माणसाला वाटतं तेलानं काम झालं. तिसऱ्याला राप तयार झालेला असतो.

आता तुमची पांढरी चिंधी. बॅरल साफ करणं म्हणजे चेंबर साफ करणं नव्हे. फौजेत ही गोष्ट शिकवताना ७.६२ ची पुंगळी पोरांच्या हातात द्यायचो. बुडाशी ती जवळजवळ १२ मिलिमीटर जाड, आणि नळीचा ब्रश ७.६२ चा. तो ब्रश चेंबरातून जाताना चारी बाजूंनी हवेत लोंबकळत जातो, भिंतीला शिवतच नाही. वर नळीतली घाण तो चेंबरातूनच बाहेर ओढतो. म्हणजे नळी लख्ख आणि चेंबर आधीपेक्षा घाण, असंही होतं. .२२ मध्ये चेंबर आणि नळी यांच्यातला फरक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचा, त्यामुळे नवा ब्रश तिथे पुरतो. पण वापरून केस बसलेला ब्रश नळीत घट्ट लागला तरी चेंबरात ढिला जातो. तुमचा ब्रश किती जुना आहे?

आणखी एक जागा आहे. चेंबर जिथे संपतं आणि नळीचे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) सुरू होतात तिथे, पुंगळीच्या तोंडाच्या लगेच पुढे, काजळीचं एक कडं तयार होतं. .२२ मध्ये हे कडं फार चिवट. आवळ चेंबरात काडतूस बसताना गोळी जवळजवळ आट्यांना टेकते. तिथे कडं आलं की काडतूस पाऊण जाऊन थांबतं. तुमचं दुसरं दुखणं बहुतेक हेच. कधी काळी त्याच रायफलमधून .२२ शॉर्ट काडतुसं मारली असतील तर त्यांची पुंगळी आखूड असल्यामुळे कडं आणखी मागे, म्हणजे लाँग रायफलची पुंगळी जिथे बसायची नेमकं तिथेच तयार होतं. रायफल जुनी, वडिलोपार्जित असेल तर हे विचारून घ्या.

पाऊण गेलेलं काडतूस बोल्टच्या मागे अंगठा लावून आत रेटायचं नाही. हे मी लोकांना करताना पाहिलंय. .२२ चं बारूद पेटवायचं मिश्रण रिममध्ये, म्हणजे पुंगळीच्या बुडाच्या कडेतच असतं. बोल्ट पूर्ण बंद नसताना ते पेटलं तर रिम फुटते आणि पितळेचे कण तुमच्याच चेहऱ्याकडे येतात. मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या, काडतूस बाहेर काढा, रेंजवरच्या जबाबदार माणसाला दाखवा. चष्मा तर डोळ्यांवर हवाच.

बोल्ट-अ‍ॅक्शनवाल्यांना हा त्रास कमी का, असं तुम्ही पुढे विचाराल. त्यांच्या हातात हँडल असतं. चेंबर घाण झालं की हँडल जड लागतं, आणि शहाणा माणूस तिथेच थांबतो. सेमी-ऑटोत तुमचा हात त्या जागी नाही. स्प्रिंग ढकलते, दाब ओढतो, आणि काय चाललंय ते तुम्हाला कळतं ते थेट अडकल्यावर. म्हणून मी पुंगळ्या राखा म्हणतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. नव्यानं युनिटात आलो होतो, राजस्थानात फायरिंग होतं. आदल्या रात्री कोतात, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारात बसून मी हौसेनं प्रत्येक एसएलआरच्या चेंबरात तेलाची चिंधी फिरवून ठेवली. कोकणातला माणूस, गंजाची भीती आईच्या दुधातून आलेली. सकाळी वाळूचा वारा सुटला. तेल आणि वाळू म्हणजे काचकागदच. दुसऱ्या मॅगझिनला तीन रायफली बंद. एकीत एक्स्ट्रॅक्टरनं, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या बोल्टवरच्या नखानं, रिम फाडून आणली होती, नखात पितळेचा चतकोर तुकडा आणि पुंगळी आत तशीच. माझे उस्ताद हवालदार होते, पंजाबी. मला वाटलं आता शिव्या. त्यांनी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, तोंडाकडून रॉड घालून पुंगळी हळूच मागे ठोकून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "पढ़ के बता," एवढंच म्हणाले. पुंगळीवर लांबीच्या दिशेनं बारीक ओरखडे होते, मांजरानं नखं ओढावीत तसे. संध्याकाळपर्यंत मी कोतात बसून एकेक चेंबर कोरडं करत होतो.

तर मग कोकणात करायचं काय? तेल न लावावं तर गंज, लावावं तर हे. या दोन गोष्टी वेगळ्या वेळी करायच्या, एवढंच उत्तर आहे. ठेवताना तेल, मारताना कोरडं. पण मधे एक पायरी आहे आणि ती आपल्याकडे जवळजवळ कोणीच करत नाही: मीठ काढणं.

गेल्या पावसाळ्यात शेजारचे तात्या बंदूक घेऊन आले. म्हणाले, "त्याल लावन ठेवलंय, तरी गंज खंयसून इलो?" नळीच्या मागच्या तोंडाशी तेलाखाली तांबूस ठिपके, सुईच्या टोकाएवढे. तेल होतं, खरंच होतं. पण ते मिठावर लावलेलं होतं. समुद्राकाठच्या हवेत मीठ असतं, घामात असतं, बोटांच्या ठशात असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाझरतं आणि आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो, ते याच कारणानं. रत्नागिरीला वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर. जून ते सप्टेंबर हवा त्या ७५ च्या खाली फारशी उतरतच नाही. म्हणजे तुमच्या पोलादावर चार महिने खाऱ्या पाण्याचा अदृश्य थेंब बसलेला, आणि वरून तुम्ही तेलाचं झाकण घातलेलं.

तेलात मीठ विरघळत नाही. लोणच्याच्या बरणीत पाहा, वर तेलाचा थर असतो आणि मीठ सगळं खालच्या खारात. मीठ काढायला पाणीच लागतं. पूर्वीच्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बारूद पेटवणाऱ्या कॅपमध्ये, पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरायचं, म्हणजे मिठाचाच भाऊ. म्हणून .३०३ बोअरच्या जुन्या रायफलींच्या जमान्यात फौजी नरसाळं लावून नळीतून उकळतं पाणी ओतायचे. आजच्या .२२ काडतुसांत ते मिश्रण नसतं, त्यामुळे तुम्हाला पाणी ओतायची गरज नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर दुकानात मिळतं, त्यानं ओलसर केलेली एक चिंधी पुरते. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी मात्र वापरू नका. मीठ काढायला मीठच लावाल.

आता कृती. मॅगझिन आधी काढायचं, बोल्ट नंतर मागे घ्यायचा. सेमी-ऑटोत हा क्रम उलटा केला तर चेंबर रिकामं करताकरता तुम्ही मॅगझिनमधलं नवं काडतूस आत भरता, आणि रिकामी समजलेली रायफल भरलेली राहते. बोल्ट मागे अडकवून डोळ्यानं पाहा, मग करंगळी किंवा रॉडचं टोक घालून चाचपा. नळीवजा मॅगझिन असेल तर एखादं काडतूस तिथे दडून राहतं, तेही झटका. काडतुसं त्या खोलीत नकोतच. मी अजूनही हे प्रत्येक वेळी करतो, कपाटातून स्वतः रिकामी ठेवलेली काढली तरी.

रायफल उघडा, पण माहितीपुस्तकात साफसफाईसाठी सांगितली असेल तेवढीच. बोल्ट निघाला आणि मागून रॉड सरळ जात असेल तर तुम्ही नशीबवान. बऱ्याच सेमी-ऑटो .२२ मध्ये मागची भिंत बंद असते. तिथे लोक तोंडाकडून रॉड घालतात आणि नळीच्या तोंडाची कडा घासून टाकतात. नेमबाजीची रायफल आहे, त्या कडेवर सगळी अचूकता अवलंबून. तिथे एका बाजूला घासलं तर ग्रुप फाकतो आणि कारण सापडत नाही. अशा रायफलला मागून पुढे ओढायची दोरी वापरा. फौजेत पुल-थ्रू म्हणतात, जवानांच्या तोंडी त्याचं फुलतरू झालंय. चेंबरापुरतं काम तर आखूड, लवचीक दांडीला लावलेल्या ब्रशनं मागूनच होतं.

आणि तुम्हाला चेंबरापुरतंच काम करायचं आहे. .२२ ची नळी दर वेळी पांढरी चिंधी येईपर्यंत घासणं हे फौजी तपासणीच्या भीतीतून आलेलं खूळ आहे, नेमबाजीला ते लागत नाही. शिसं आणि मेण यांचा पातळ थर नळीत बसला की ती एकसारखी मारते. पूर्ण साफ केल्यावर पहिल्या दहा-वीस गोळ्या इकडेतिकडे जातात, ते तुम्ही पाहिलं असेल. तेव्हा सरावाच्या दिवसांत चेंबर दर वेळी, नळी अधूनमधून. फक्त पावसाळ्यात रायफल आठवडाभर हातात घेणार नसाल तर नळीही साफ करून तेल लावून ठेवा, ग्रुपची काळजी नंतर. नळीत ठिपके पडले की कुठलाच थर त्यांना झाकत नाही.

रायफल बाकावर अशी ठेवा की तोंड किंचित खाली. द्रव पुढे वाहू द्या, मागे ट्रिगरच्या खोबणीत नको. सॉल्व्हंट, म्हणजे काजळी सैल करणारं द्रव, ओतायचं नाही, ब्रशवर दोन थेंब पुरे. ब्रश काशाचा, म्हणजे ब्राँझचा. पोलादी तारांचा कधीच नाही. आत घाला आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा, तीच दिशा दांडीच्या आट्यांवर ब्रश घट्ट करते. आठ-दहा फेरे झाले की फिरवत फिरवतच मागे ओढा. मोठ्या बोअरच्या चेंबर-ब्रशला हे फार महत्त्वाचं: मधेच उलटा फिरवलात किंवा चेंबर अरुंद होतं त्या खांद्यापाशी पुढेमागे केलात तर तारा दुमडून तो तिथेच रुतून बसतो. मग पुंगळी अडकली होती ती परवडली असं होतं.

दहा-पंधरा मिनिटं थांबा. हेच लोकांना जमत नाही. भांड्याला लागलेला करप पाण्यात भिजत ठेवला की बोटानं निघतो, नाहीतर घासून हात दुखतो. ते कडंही तसंच आहे. चहा घेऊन या, पण आधी हात साबणानं धुवा. .२२ च्या काजळीत शिसं असतं, ते चहाबरोबर पोटात नको. परत येऊन आणखी आठ-दहा फेरे, मग चिंधी. काळी येईल. पुन्हा ब्रश, पुन्हा चिंधी. अमोनियाचा वास येणारं तांबं काढायचं सॉल्व्हंट तुम्हाला लागत नाही. साध्या शिसाच्या गोळीला तांबं कुठून येणार? आणि काम फायरिंगच्याच संध्याकाळी करा. ताजी काजळी मऊ असते, आठवड्यानं तिचा दगड होतो.

त्यानंतर ती डिस्टिल्ड पाण्याची ओलसर चिंधी, लगेच मागून दोन कोरड्या, मग स्पिरिटची एक. स्पिरिट उरलंसुरलं पाणी घेऊन उडून जातं. टॉर्च लावून पाहा. नळीच्या तोंडाच्या पुढे पांढरा कागद धरला की उजेड परतून चेंबरच्या पुढच्या टोकाचं कडं राहिलंय का ते दिसतं. हल्ली फोनला जोडायचे वायरच्या टोकावरचे कॅमेरे मिळतात. घ्या हवं तर, पण पहिल्यांदा पाहाल तेव्हा घाबरू नका. पाच मिलिमीटरची नळी पडद्यावर विहिरीएवढी दिसते आणि कारखान्यात चेंबर कोरणाऱ्या रीमरच्या साध्या रेघासुद्धा भेगा वाटतात. त्या घासून काढायला जाऊ नका.

घासण्याचं आलंच तर एक राग काढून घेतो. ड्रिल मशीनला काचकागद किंवा पितळ चकाकवायचं पॉलिश लावून चेंबर "गुळगुळीत" करणारे लोक आहेत. मी अशी एक रायफल पाहिली आहे. चेंबर आरशासारखं होतं, आणि पुंगळ्या बाहेर येताना मधोमध फुगलेल्या, गरोदर. चेंबरचं माप एकदा वाढलं की ते कमी करायचा मार्ग नाही, बॅरलच बदलायचं. सफाई म्हणजे घाण काढणं. पोलाद काढणं म्हणजे सफाई नव्हे.

सफाईनं न जाणारं एक दुखणंही सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही घासत बसाल. .२२ मध्ये फायरिंग पिन रिमच्या कडेवर मारते. रिकाम्या चेंबरवर वारंवार चाप ओढला तर काही रायफलींत पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे पोलाद दाबलं जाऊन आत एक बारीक उंचवटा येतो. करंगळीचं नख कडेवरून गोल फिरवा. एका जागी नख अडलं, आणि पुंगळीवर नेमकी तिथेच एक चरा असेल, तर हे तेच. परवानाधारक बंदूक-कारागिराकडे न्या. त्यांच्याकडे तो उंचवटा बाहेर सारायचं हत्यार असतं, दहा मिनिटांचं काम. घरी कानस लावू नका.

पोलादाचं नाव निघालं म्हणून. लष्करी रायफलींच्या चेंबरला बहुधा क्रोमचा मुलामा असतो, एके किंवा ड्रॅगुनोव्ह घ्या. तो गंजत नाही आणि पुंगळी सहज सोडतो. तो नसण्याची किंमत अमेरिकनांनी व्हिएतनाममध्ये मोजली. १९६६-६७ च्या सुमारास त्यांची एम-१६ तिथल्या दमट हवेत ऐन लढाईत अडकायची, पुंगळी चेंबरातच राहायची. चेंबरला क्रोम नव्हतं, बारूद बदललं होतं, आणि रायफलीला फारशी सफाई लागत नाही या समजुतीनं सैनिकांना सफाईचं सामानही पुरेसं दिलं नव्हतं. अडकलेली पुंगळी ठोकायला रॉडसुद्धा नाही, अशी माणसं सापडली. तिकडच्या संसदेच्या समितीनं चौकशी केली, १९६७ पासून क्रोमचं चेंबर आलं. हवा जवळपास आपल्यासारखीच, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं. अचूक नेमबाजीच्या बॅरलला मात्र सहसा क्रोम देत नाहीत, कारण मुलामा सगळीकडे एका जाडीचा बसवणं कठीण आणि त्यानं नेम बिघडतो. तेव्हा तुमचं चेंबर बहुतेक उघडं पोलाद आहे. स्टेनलेस असलं तरी निर्धास्त राहू नका. मिठानं स्टेनलेसलाही खड्डे पडतात, फक्त उशिरा आणि खोल.

ठेवताना: कोरड्या झालेल्या चेंबरात आणि नळीत हलक्या खनिज तेलाची एक चिंधी, मग तिच्यामागे एक कोरडी, म्हणजे नुसती झाक राहते. शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल नको, कितीही घरचं आणि घाण्याचं असलं तरी. ते डिसेंबरच्या पहाटे बाटलीत गोठतं तसंच रायफलमध्येही गोठतं, आणि पुढे चिकट होतं. रायफल कपाटात तोंड खाली करून उभी करा, खाली जाड फडकं. तोंड वर ठेवलं की नळीतलं तेल रात्रभर उतरून चेंबरात आणि बोल्टवर जमतं, आणि सकाळी तुम्ही म्हणता मी तर तेल पुसलं होतं. रेक्झिनच्या किंवा स्पंजच्या पिशवीत ठेवू नका, ती दमट हवा धरून ठेवते. कुलपाच्या कपाटात सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून घ्या, पुन्हा निळे होतात. ती कढई मग स्वयंपाकाला नको. आमच्याकडे त्यावरून एकदा महाभारत झालेलं आहे.

फायरिंगच्या सकाळी चेंबरात दोन कोरड्या चिंध्या आणि बोल्टचा चेहरा पुसायचा. बोल्टच्या घसरणाऱ्या बाजूंवर तेलाचा थेंब असू द्या, तिथे तो हवाच. काडतुसंही पाहा. पावसाळ्यात हाताळलेल्या पितळेवर हिरवट डाग येतात. ती काडतुसं पुसून वापरायची नाहीत, बाजूला ठेवायची. आणि कितीही अडकत असलं तरी काडतुसाला तेल लावायचं नाही.

निवडणुकीच्या दिवसांत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस आली तर चेंबरची ही सगळी सफाई नेण्याआधी करा, आणि तेल जरा हात सैल सोडून लावा. २०२४ मध्ये आपल्याकडे मे महिन्यात लोकसभेचं मतदान झालं आणि नोव्हेंबरात विधानसभेचं. मधे पाऊस. आमच्या बाजूच्या एका काजू-बागायतदाराची बंदूक परत आली तेव्हा नळी ठीक होती, चेंबर तांबूस. मीठ न काढताच तेल फासून दिली होती त्यानं. परत मिळाल्या दिवशीच उघडून पाहा, पहिला बार मारून नव्हे.

आता तुमचं काम. येत्या रविवारी चेंबर वर सांगितल्याप्रमाणे कोरडं करून जा. पहिल्या मॅगझिनच्या पुंगळ्या एका कागदात बांधा, चौथ्याच्या दुसऱ्या कागदात, वर आकडा लिहा. घरी येऊन खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी मांडा. थोडी काजळी .२२ ला असतेच, तिचा बाऊ नको. लांबीच्या दिशेनं ओरखडे असतील तर आत रेती किंवा गंज आहे. तोंडाशी गोल रेघ असेल तर कडं राहिलंय, पुन्हा भिजवा. रिमवर एकाच जागी चरा असेल तर नखाची परीक्षा करा. रिम ओढल्यासारखी वाकली असेल आणि पुंगळी बाकी स्वच्छ असेल तर एक्स्ट्रॅक्टरही तपासा. त्याच्या नखाखाली टाचणीनं उकरून पाहा, तिथे मेणाचा खडा बसलेला असू शकतो. आणि दोन्ही कागदांतल्या पुंगळ्या ओळखू येणार नाहीत इतक्या सारख्या दिसल्या, तर दोष तेलाचाच होता.